शास्त्रपाठाची पाळी

ख्रिस्ती मंडळींत विनावेतन सेवा करणाऱ्या आणि वाचनाचें वेड असणाऱ्या एका बाईचा दिनक्रम कसा असतो तें श्रोत्यांपुढें सांगावें, अशी सूचना मला करण्यांत आली, तेव्हां प्रथम मला हसूं आलें. सेवा म्हणावी तर ती सतरंज्या झटकण्याची. आणि वाचन म्हणावें तर तें एस. टी. च्या गाडींत, दवाखान्याच्या बांकावर आणि भात शिजेपर्यंतच्या वेळांत केलेलें. पण विचार करतां वाटलें कीं, या दोहोंची गांठ जेथें पडते ती जागा सांगण्याजोगी आहे; आणि तेथें माझ्या हातून एक चूक घडली, तीहि सांगून टाकावी.

मी राहतें तें सारोळें हें गांव भोर तालुक्यांत, पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर, नीरा नदीच्या ऐलतीरीं आहे. पूल ओलांडला कीं पुणें जिल्हा संपतो आणि शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा, लागतो. नदीकांठीं ऊस, रस्त्याच्या कडेला उपाहारगृहें आणि दिवसरात्र न थांबणाऱ्या मालमोटारी, असें या टापूचें आजचें रूप आहे. शिरवळच्या बाजूस कारखाने वाढले, तशीं परगांवचीं कुटुंबें इकडे भाड्याच्या खोल्यांतून येऊन राहूं लागलीं. त्यांत नगर, जालना, सोलापूर या बाजूंकडील आमचीं पांच-सात ख्रिस्ती घरें आहेत. आमची मंडळी पुण्यांत. परंतु दर रविवारीं लेंकराबाळांसह चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जाऊन येणें सर्वांना परवडत नाहीं. म्हणून गुरुवारीं संध्याकाळीं आमच्या ओसरीवर घरगुती प्रार्थना होते. पाळकसाहेब महिन्यांतून एकदां येतात. उरलेल्या गुरुवारीं गीत धरणें, शास्त्रपाठ वाचणें, चहा करणें आणि दाराबाहेरच्या चपला कुत्र्यांपासून राखणें, हीं सर्व खातीं माझ्याकडे असतात.

रविवारीं मात्र मी पुण्यास जातेंच. पहांटे फाट्यावर गाडीची वाट पाहत उभी असतें, तेव्हां माझ्या हातांत दोन पिशव्या असतात. एकींत मंडळीचें सामान: हजेरीची वही, आजाऱ्यांच्या भेटींचीं टिपणें, शब्बाथ शाळेच्या मुलांसाठीं रंगीत खडू, टाचण्या, सुईदोरा. दुसरींत एक पुस्तक, आणि तें वाटेंतच संपलें तर पंचाईत नको म्हणून दुसरें एक. कात्रजचा बोगदा येईपर्यंत उजाडलेलें असतें. तोंवर मी वाहकाच्या दिव्याखालची जागा धरून वाचतें. त्या जागेसाठीं मीं कधीं कधीं म्हाताऱ्या माणसांशीं स्पर्धा केली आहे, हें कबूल करावयास हरकत नाहीं.

देवळांत पोंचलें कीं पहिलें काम सतरंज्यांचें. मग भिंतीवरील फळ्यावर गीतांचे आंकडे लावावयाचे. पाण्याचा माठ भरावयाचा. ज्यांना ऐकूं कमी येतें त्यांना पुढें, आणि ज्यांचीं मुलें रडतात त्यांना दाराजवळ, अशी कोणाच्या ध्यानांत न येतां बैठक लावावयाची. ही सेवा डोळ्यांना दिसत नाहीं. सतरंजी नीट असली तर तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. पण तिला सुरकुती पडून एखादी आजी अडखळली, तर सारी मंडळी पाहते. उपासनेनंतर आजाऱ्यांच्या भेटी. कोणाच्या मुलाच्या शाळेसाठीं बाप्तिस्म्याच्या दाखल्याची खटपट. कोणाचें भांडण ऐकून घेणें. भांडण मिटवितां येतें असें नाहीं, परंतु ऐकून घेतलें कीं तें घरीं जातांना थोडें लहान होतें.

या साऱ्यांत माझें वाचन बसतें कोठें, असा प्रश्न आमच्या महिला मंडळांतील एका वडील बाईंनीं मला स्पष्टच विचारला होता. माझ्या पिशवींतून कादंबरीचें टोंक बाहेर दिसलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “बाई, एक शास्त्र वाचायला जन्म पुरत नाहीं, आणि तुम्ही हें काय घेऊन फिरतां?” मीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं, आज देतें. मराठी ख्रिस्ती माणसानें वाचनाची लाज बाळगावी, असें त्याच्या घरांत कांहींएक नाहीं. ‘ज्ञानोदय’ हें नियतकालिक अमेरिकन मिशनच्या लोकांनीं नगराहून सुरू केलें तें १८४२ सालीं. बाबा पदमनजी यांनीं हिंदु विधवांच्या स्थितीवर ‘यमुनापर्यटन’ लिहिलें तें १८५७ सालीं. मराठींतील पहिली कादंबरी कोणती या वादांत आजहि त्याचें नांव अगोदर घेतलें जातें. म्हणजे आमच्या पूर्वजांनीं कादंबरी पिशवींत लपविली नाहीं, ती लिहिली. आणि जीं गीतें आपण रविवारीं ‘उपासना-संगीता’तून गातों, तीं लिहिणारे कृष्णरत्न सांगळे काय किंवा नारायण वामन टिळक काय, मराठी कवितेंत मुरलेले लोक होते. टिळकांनीं अभंग आणि ओवी वाचलीच नसती, तर आमच्या मंडळीला आज इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसविलेल्या गीतांवरच समाधान मानावें लागलें असतें. तशीं गीतेंहि आहेत. तीं कोणतीं, तें गाणाऱ्यांना ठाऊक आहे.

माझ्या दोन्ही पिशव्या जेथें एक होतात, तें काम म्हणजे शास्त्रपाठ. उपासनेंत पवित्र शास्त्रांतील नेमलेला भाग मोठ्यानें वाचून दाखविण्याची पाळी मंडळींतील सामान्य माणसांवर येते. हें काम सोपें आहे असें ज्याला वाटतें, त्यानें नहेम्याच्या पुस्तकांतील नांवांच्या याद्या एकदां श्वास न अडतां वाचून पाहाव्या. माझी पाळी असली कीं मी शनिवारीं स्वयंपाकघरांत तो भाग तीन वेळां मोठ्यानें वाचतें. पहिल्या वेळीं जीभ अडखळते, दुसऱ्या वेळीं स्वल्पविराम सांपडतात, आणि तिसऱ्या वेळीं काय म्हटलें आहे तें कळतें. मनांत वाचणें आणि मोठ्यानें वाचणें हे दोन निरनिराळे व्यापार आहेत. मनांत वाचतांना आपण कठीण शब्दावरून उडी मारतों. मोठ्यानें वाचतांना त्याच्या अंगावरून चालत जावें लागतें.

आणि तसें चालतांना, या पुस्तकाची मराठी कोणीं घडविली, हा विचार मनांत येतोच. महाराष्ट्रापासून शेंकडों कोस दूर, बंगालमधील श्रीरामपुरास, विल्यम केरी यांनीं वैजनाथ पंडित यांच्या साहाय्यानें मराठी भाषांतराचें काम आरंभिलें. मत्तयाचें शुभवर्तमान १८०५ सालीं छापलें गेलें आणि नवा करार १८११ सालीं. पुढें मुंबईस तें काम पुनःपुन्हा तपासलें गेलें, त्यांत इकडील विद्वानांचे हात लागले. पण माझ्या मनाला जें भाषांतर सारखें खेंचतें तें आमच्याच जिल्ह्यांत, दौंडाकडच्या केडगांवीं झालेलें.

पंडिता रमाबाई यांचें नांव श्रोत्यांना सांगावयास नको. संस्कृत विद्वत्तेबद्दल कलकत्त्याच्या पंडितांनीं १८७८ सालीं जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें, त्या बाईनें उतारवयांत हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. मुक्तिसदनांतील बायकांनीं त्याचे खिळे जुळविले. ज्यांना घराबाहेर पडावयास जागा नव्हती अशा विधवा, दुष्काळांतून वांचविलेल्या मुली, त्यांच्या बोटांखालून तें पुस्तक अक्षर अक्षर करून उतरलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या स्वतः गेल्या. आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांना पंडितांसाठीं लिहावयाचें नव्हतें. थोडेंसें वाचावयास शिकलेल्या खेडवळ बाईला मूळांत काय आहे तें शब्दास शब्द मिळावें, हा त्यांचा हेतु होता. खरें सांगावयाचें तर मोठ्यानें वाचावयास तें भाषांतर मला गोड लागत नाहीं. वाक्यें खडबडीत आहेत, मराठीची नेहमींची वळणें तींत जागोजाग मोडलीं आहेत. पण जिला उत्तम संस्कृत येत होतें तिनें जाणूनबुजून असें लिहावें, यांतच मला तिचा मोठेपणा वाटतो. पुण्यांतून मी दोनदां केडगांवास जाऊन आलें आहें. दोन्ही वेळां येतांना गाडींत मीं पुस्तक उघडलें नाहीं.

आतां सारोळ्याच्या ओसरीकडे येतें.

आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेला एक आजी येत असत. नगर जिल्ह्यांतल्या. मुलगा मालमोटार चालवितो, सून कारखान्यांत जाते, आणि बारा वर्षांची नात इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत. आजींना वाचतां येत नव्हतें. परंतु लहानपणीं मिशनच्या बाईंकडून कानानें शिकलेलीं पंचवीस-तीस स्तोत्रें त्यांना मुखोद्गत होतीं, आणि त्या पाठांतराला त्या न्यायाधीशासारख्या जपत. एकदां मी तेविसावें स्तोत्र वाचूं लागलें. माझ्या हातांतल्या आवृत्तींत ‘परमेश्वर’ असा शब्द आहे. पहिलाच शब्द उच्चारला आणि आजींनीं हात वर केला.

“यहोवा म्हना, बाई.”

“आजी, नव्या पुस्तकांत परमेश्वर छापलें आहे. अर्थ तोच.”

“आसंल. पन आमच्या बाईंनीं यहोवा शिकवला व्हता. आतां या वयांत त्याला नवं नांव कुठं घेऊं?”

त्या दिवसापासून ओसरीवर तेविसावें स्तोत्र वाचलें जात नसे. आजी म्हणत आणि आम्ही ऐकत असूं. मी पुस्तकांत बोट ठेवून त्यांच्या मागें मागें जाई. एक शब्द चुकला नाहीं. छापील पुस्तकाच्या पंथांत वाढलेल्या मला तेव्हां प्रथम उमगलें कीं, आमच्या अर्ध्या मंडळीचें शास्त्र कानांतून आलेलें आहे, आणि त्याची आवृत्ति बदलत नाहीं.

आजींना वाचून दाखविण्याची संवय मला लागली ती एका लिलावामुळें. आमच्या मंडळींत कापणीचा सण असतो. लोक आपल्या पिकांतलें, घरांतलें कांहींतरी देवाला अर्पण म्हणून आणतात. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामीं लागतात. भोपळे, कोंबड्या, नारळ, लोणच्याच्या बरण्या, सर्व कांहीं मूळ किंमतीच्या दुपटी-तिपटीनें जातें. कारण तेथें कोणी किंमत करीत नाहीं, चढाओढ करतात. दोन वर्षांपूर्वीं कोणीं तरी आजोबांच्या ट्रंकेंतलीं जुनीं पुस्तकें एका खोक्यांत भरून अर्पण केलीं होतीं. खोकें पुढें आलें. कोंबडीला सातशें रुपये देणारी मंडळी गप्प झाली. लिलाव करणाऱ्यानें दोनदां पुकारलें, तिसऱ्यांदां तो विनोदानें म्हणाला, “रद्दीवाल्याला हाक मारूं का?” मीं पन्नास रुपये म्हटलें. माझ्यावर कोणी चढलें नाहीं. त्या खोक्यांत पदमनजींचा ‘अरुणोदय’ होता, मलपृष्ठ नसलेलें एक गीतपुस्तक होतें, टिळकांनीं आरंभलेलें आणि पुढें बहुतांशीं लक्ष्मीबाईंनीं पुरें केलेलें ‘ख्रिस्तायन’ होतें, आणि कसर लागलेलें, पण एकहि पान न हरवलेलें ‘स्मृतिचित्रें’ होतें. मला आनंद झाला, हें खरें. पण घरीं जातांना तें खोकें मांडीवर घेऊन मला रागहि आला होता. कोणाचा, तें सांगतां येत नाहीं.

‘स्मृतिचित्रें’ मी आजींकडे घेऊन गेलें तें सहज. लक्ष्मीबाईहि आयुष्याचीं बरींच वर्षें नगरास राहिल्या होत्या, एवढाच धागा. वाचावयास बसलें आणि आजी पहिल्याच प्रकरणांत रंगल्या. सोवळ्याच्या अतिरेकापायीं घरांत येणारी वस्तु न् वस्तु धुऊन घेणारे लक्ष्मीबाईंचे वडील. न सांगतां घरांतून निघून जाणारे, हातचा पैसा वाटेंतल्या कोणालाहि देऊन टाकणारे टिळक. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतल्याची बातमी कळल्यावर त्या बाईचें झालेलें. पुढें सुमारें पांच वर्षें नवऱ्यापासून दूर राहून, स्वतःचें स्वतः ठरवून १९०० सालीं तिनें घेतलेला बाप्तिस्मा. हें सर्व आजी शेजारच्या घरांतलें असावें तसें ऐकत. टिळकांवर त्या मनापासून चिडत. “मानूस देवाचा, पन घरांत ठेवायच्या कामाचा न्हाई,” हा त्यांचा अभिप्राय कोणत्याहि टीकाकाराच्या अभिप्रायापेक्षां मला कमी वाटत नाहीं. लक्ष्मीबाई शाळेंत गेल्या नव्हत्या, नवऱ्यानें थांबत-थबकत त्यांना अक्षरें शिकविलीं, आणि १९३४ सालीं, वयाच्या पासष्टीनंतर, त्यांच्या या पुस्तकाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला, हें मीं सांगितलें तेव्हां आजी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “आमच्या टायमाला कोनी शिकवलं न्हाई, आन् मींबी कोनाला म्हटलं न्हाई.” आमच्या दारावरून जाणारा हा रस्ता पुढें ज्या साताऱ्यास पोंचतो, तेथें टिळकांनीं १९१७ सालीं आपला ‘देवाचा दरबार’ मांडला होता, हें ऐकून त्यांना भारी वाटलें, दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तें आपल्या मुलालाहि सांगितलें, कारण तो त्या रस्त्यानें रोज जातो.

आतां माझी चूक.

गेल्या वर्षीं नाताळापूर्वींच्या गुरुवारीं शास्त्रपाठाची पाळी मीं आजींच्या नातीला दिली होती. मुलगी चुणचुणीत, आजींचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून आणणारी तीच. तिनें उभें राहून मोबाइल काढला आणि वाचूं लागली. वाचन चांगलें होतें. पण मीं सहज तिच्या खांद्यावरून पाहिलें, तों मोबाइलच्या पडद्यावर तो सारा मराठी भाग इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतलेला! आईनें वाचून दाखविला होता आणि तिनें आपल्याला वाचतां येईल अशा लिपींत तो टिपून आणला होता. मला तेव्हां यांतले कष्ट दिसले नाहींत. लिपि तेवढी दिसली. मीं मोबाइल तिच्या हातून घेतला आणि पुस्तक पुढें केलें. तिनें दोन ओळी ओढल्या. तिसऱ्या ओळींत एका जोडाक्षरापाशीं ती थांबली ती थांबलीच. ओसरीवर वीस माणसें होतीं. आणि मी, जिनें सतरंजीची सुरकुती कोणाला अडखळवूं नये म्हणून आयुष्य घालविलें, ती मी सर्वांदेखत म्हणालें, “मराठी घरांतली मुलगी, आणि मराठी वाचतां येत नाहीं?”

मुलगी कांहीं बोलली नाहीं. चपला घालून बाहेर जाऊन उभी राहिली.

पुढच्या गुरुवारीं ती आली नाहीं. ती आली नाहीं म्हणून आजी आल्या नाहींत. रस्ता ओलांडून आणणार कोण? त्यापुढच्या गुरुवारींहि नाहीं, आणि तिसऱ्याहि नाहीं. नाताळ येऊन गेला. ओसरीवर तेविसावें स्तोत्र कोणीं म्हटलें नाहीं. मुलगी रुसली आहे, रुसवा जाईल, अशी मीं मनाची समजूत घातली. आजींकडे दोन खोल्यांच्या अंतरावर जाऊन यावें, तर पाय उचलत नव्हता. दुसऱ्यांच्या भांडणांत शहाणपणानें डोकें हालविणाऱ्या माणसाची स्वतःवर पाळी आली म्हणजे कशी गत होते, तें मीं त्या तीन आठवड्यांत पाहिलें.

त्या दिवसांत गाडींत मी ‘ख्रिस्तपुराणा’संबंधीं वाचीत होतें. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला, आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवींत त्यानें ख्रिस्तचरित्राचें पुराण रचलें. त्यांत दहा हजारांवर ओव्या आहेत. मराठी भाषेवर त्याचा जो जीव होता त्याच्याविषयीं आमच्या मंडळींत अभिमानानें बोलतात, मीहि बोलतें. पण १६१६ सालीं राचोलास तें पुराण छापलें गेलें तें कोणत्या लिपींत? रोमन लिपींत. देवनागरी खिळे गोव्यास नव्हते. त्यापूर्वीं आठ वर्षें, १६०८ सालीं, त्यानें आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून या देशच्या भाषेंत आणि या देशच्याच अक्षरांत पुस्तकें छापण्याची आपली जुनी इच्छा कळविली होती, आणि अडचण कोणती तीहि लिहिली होती: या लिपीसाठीं सहाशेंच्या घरांत सांचे पाडावे लागतील. ते पाडले गेले नाहींत. पुढें लंडनच्या मार्सडन संग्रहांत या पुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत मिळाली. आणि देवनागरींत छापलेलें ‘ख्रिस्तपुराण’ पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं संपादून प्रसिद्ध केलें तें १९५६ सालीं. मूळ छपाईनंतर तीनशें चाळीस वर्षांनीं.

कात्रजच्या बोगद्यांत दिवे मंद झाले, पुस्तक मिटावें लागलें, आणि अंधारांत माझ्या ध्यानांत आलें कीं, ज्या पुस्तकाचा मी अभिमान मिरवितें तें मराठी पुस्तक त्या मुलीच्या मोबाइलच्या लिपींत जन्मलें होतें. देवनागरी तिच्यापाशींहि नव्हती. सहाशें सांचे तिच्यासाठीं कोणीं पाडले होते? शाळेनें नव्हे, घरांत वेळ नव्हता, आणि मंडळीनें, म्हणजे मीं, पाळी तेवढी नेमून दिली होती.

तथापि येथें एक सांगितलें पाहिजे. यावरून कोणतीहि लिपि चालेल, असें माझें मत झालेलें नाहीं. रोमन अक्षरांत मराठी लिहिली कीं ‘ट’ आणि ‘त’ एक होतात, ‘ळ’ नाहींसा होतो, आणि ज्याला भाषा आधींच कानानें ठाऊक आहे त्यालाच ती वाचतां येते. त्या मुलीला आज ती वाचतां येते, कारण घरांत आजी आहे. तिच्या मुलांना येणार नाहीं. आमचीं गीतपुस्तकें, तें पन्नास रुपयांचें खोकें, केडगांवच्या बायकांनीं जुळविलेली तीं पानें, हें सर्व तिच्यापुढें कुलूप लावून ठेवल्यासारखें आहे. माझी तक्रार खरी होती. परंतु खरी तक्रार चुकीच्या माणसाकडे, चुकीच्या वेळीं केली, तर तिच्यांतला खरेपणा कोणाच्या उपयोगी पडत नाहीं.

मी त्याच संध्याकाळीं आजींच्या खोलीवर गेलें. क्षमा मागण्याचें भाषण वाटेंत जुळविलें होतें. तें साधलें नाहीं. मुलगी चटईवर गणितें सोडवीत बसली होती आणि तिनें वर पाहिलें नाहीं. मग मीं तिला त्या इंग्रज पाद्र्याची गोष्ट सांगितली. सहाशें सांच्यांपाशीं आल्यावर तिनें पेन्सिल खालीं ठेवली.

“मग त्यांनीं इंग्रजी अक्षरांत छापलें?”

“हो.”

“त्यांना कोणी बोललें नाहीं?”

“त्या वेळीं तिथें मी नव्हतें,” मी म्हणालें. आजी आधीं हसल्या. मुलगी नंतर.

त्या दिवशीं आमचा करार झाला. रोज शाळेंतून आल्यावर तिनें आजींना ‘स्मृतिचित्रां’चें एक पान वाचून दाखवावयाचें, अडेल तेथें मोबाइलवरून मला विचारावयाचें, आणि मीं रागवावयाचें नाहीं. या करारांत एक अडचण पहिल्याच क्षणीं निघाली: पुस्तकाचें नांवच जोडाक्षरांनीं भरलेलें आहे. ‘स्मृ’ काढण्यांत अर्धी संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशीं रफार. मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. पहिलें पान चार दिवस चाललें. आजींची मात्र तक्रार नव्हती. मी झरझर वाचीत असें तेव्हां त्यांचा कधीं कधीं डोळा लागे. नात अडखळे तेव्हां पुढचा शब्द काय असेल याचा त्या अंदाज करीत, आणि तो पुष्कळदां बरोबर निघे. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मुलगी पानाला एका दिवसावर आली. गुरुवारची पाळी मीं तिला पुन्हा दिली नाहीं. तिनें ती आपण होऊन मे महिन्यांत मागितली. पुस्तक हातांत घेऊन, ओळीखालीं बोट सरकवीत तिनें पाऊण अध्याय वाचला. एका ठिकाणीं ती थांबली. ओसरीवर सर्व जण थांबले. मी चपलांकडे पाहत राहिलें. तिनें तो शब्द मनांत फोडला, जोडला, आणि पुढें गेली.

या पावसाळ्यांत आजींचे गुढघे फार दुखूं लागले, आणि धाकट्या मुलानें त्यांना नगराकडे नेलें. तेथें घर तळमजल्यावर आहे, दारांत चिंच आहे, आणि रस्ता ओलांडावा लागत नाहीं. जातांना ‘स्मृतिचित्रें’ कोठवर आलें होतें, तर तिसऱ्या भागाच्या मध्यावर. पुस्तक त्यांच्याबरोबर द्यावें तर तिकडे वाचणारें कोणी नाहीं. मीं म्हटलें, मी रोज एक पान वाचून, माझा आवाज मोबाइलवर भरून पाठवीन. धाकटा मुलगा रात्रीं लावून देईल. तसे मीं चार दिवस पाठविलेहि. स्वल्पविरामांसह, शनिवारच्या तयारीनिशीं. पांचव्या दिवशीं आजींचाच निरोप आला.

“बाई, तुमचं वाचनं लई शुद्ध. पन पोरीला सांगा वाचाया. तिचं ऐकतांना मला जागं ऱ्हाता येतं.”

तेव्हांपासून तें काम नातीकडे आहे. काल तिनें मला विचारलें कीं, दुसऱ्या कोणा आजीला लागत असेल तर खोक्यांतलें आणखी एखादें पुस्तक ती वाचून भरून ठेवील, पण तें ‘अरुणोदया’सारखें जाड नसावें. मी शोधतें आहें.